पेटी क्रमांक १०९

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात ॲमहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक टंकलिखित कागद जपून ठेवलेला आहे. त्याचा पत्ता असा : संग्रह क्रमांक ३१२, पेटी १०९, नग १३२. पत्र आहे अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना, आणि लिहिणारे आहेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मजकूर एका पानात मावणारा. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण दडपलेल्या माणसांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या प्रत्येकाला आपलं नाव ठाऊक असतं तसं ते मलाही आहे, अशी सुरुवात. मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी, माझं नाव कदाचित आपल्या कानावर आलं असेल, असं पुढे अगदी संकोचाने. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा आपण अभ्यास केला आहे, ड्यू बॉइस यांचं लेखन वाचत आलो आहोत, दोन्ही समाजांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की तो अभ्यास आम्हाला टाळून चालणारच नाही, असं ते लिहितात. मग कामाची गोष्ट. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं वाचलं, भारतातले अस्पृश्यही तसंच करण्याच्या विचारात आहेत, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळवून पाठवाल का?

पुढचाच नग, १३३, म्हणजे ड्यू बॉइस यांचं उत्तर. तारीख ३१ जुलै १९४६. नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेने एक छोटा अर्ज केला आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. आमची संस्था याहून सविस्तर निवेदन करणार आहे, तेही तयार झालं की पाठवीन. आपलं नाव आणि काम मी अनेकदा ऐकलं आहे, अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, पुढे काही करता आलं तर आनंदच होईल. संपलं. दोन मोठी माणसं, दोन लहान पत्रं.

आंबेडकरांच्या पत्राला सूचीत तारीख दिली आहे ती ‘सुमारे जुलै १९४६’ अशी. ‘सुमारे’ हा सूचीकाराचा प्रामाणिकपणा. उत्तर जुलैअखेरचं आहे, ज्या अर्जाचा उल्लेख आहे तो जूनमधला. तेव्हा पत्र या दोहोंच्या मधलं असणार. माहीत नाही तिथे अंदाज करायचा, पण तो अंदाज आहे हे लपवायचं नाही, ही दफ्तराच्या कामातली पहिली शिस्त. आपल्याकडच्या कित्येक चरित्रकारांना ती कधी कोणी शिकवलीच नाही.

हे पत्र आता अभ्यासकांना नवं नाही. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००३ साली एस. डी. कपूर यांनी आंबेडकर आणि ड्यू बॉइस यांच्यावर लेख लिहिला, इझाबेल विल्करसन यांच्या ‘कास्ट’ या २०२० सालच्या गाजलेल्या पुस्तकातही या पत्राचा उल्लेख आहे. माझं कुतूहल वेगळं आहे. हा कागद उरला कसा? आणि तो ॲमहर्स्टलाच का?

त्याआधी १९४६ चा तो उन्हाळा नीट पाहायला हवा. तारखा शेजारी मांडल्या की पत्रामागची घालमेल दिसू लागते. त्या वर्षीच्या प्रांतिक निवडणुकांत आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा धुव्वा उडाला होता. १६ मे रोजी कॅबिनेट मिशनची योजना जाहीर झाली आणि तीत अस्पृश्यांना स्वतंत्र घटक म्हणून स्थान नव्हतं. चार वर्षं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून काढलेल्या आंबेडकरांना आता ते पदही उरत नव्हतं. जुलैच्या मध्यावर पुण्यात कौन्सिलच्या अधिवेशनासमोर फेडरेशनने सत्याग्रह सुरू केला. घटना समितीत मुंबई प्रांतातून निवडून येण्याची आशा नव्हती. शेवटी जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या सहकाऱ्यांच्या बळावर ते तिकडून निवडून गेले. ऑक्टोबरात ते लंडनला जाऊन ॲटली आणि चर्चिल यांना भेटून आले. दिल्लीचं दार बंद, लंडनचं किलकिलं; अशा वेळी माणूस तिसरं दार शोधणार. ते दार न्यूयॉर्कला होतं आणि नुकतंच बसवलेलं होतं. संयुक्त राष्ट्रसंघ तेव्हा वर्षाचाही नव्हता.

तिकडे ६ जून १९४६ रोजी नॅशनल निग्रो काँग्रेसने अमेरिकेतल्या एक कोटी तीस लाख कृष्णवर्णीयांच्या वतीने राष्ट्रसंघाला अर्ज दिला होता. त्याच महिन्यात भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध राष्ट्रसंघात तक्रार दाखल केली. म्हणजे भारत बाहेर वर्णभेदाविरुद्ध दाद मागत होता, आणि नेमक्या त्याच दिवसांत भारतातल्याच एका समाजाचा नेता भारताविरुद्ध त्याच दारात उभं राहावं का, याचा विचार करत होता. ही विसंगती त्या काळच्या वर्तमानपत्रांत कोणी मांडली असती तर मोठी खळबळ उडाली असती. ती मांडली जाते एका खासगी पत्रात, तीही एका वाक्यात, प्रती मागता मागता.

पुढे काय झालं ते खुद्द आंबेडकरांनीच सांगून ठेवलं आहे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी १० ऑक्टोबर १९५१ रोजी जे निवेदन दिलं, त्यात ते म्हणतात की अनुसूचित जातींच्या स्थितीविषयी राष्ट्रसंघाला सादर करायचा अहवाल मी तयार केला होता. पण दिला नाही. घटना समितीला आणि पुढे येणाऱ्या संसदेला संधी द्यावी असं वाटलं. राजीनाम्याच्या निवेदनातलं हे विधान वाचून अनेकांना वाटतं की तो रागाच्या भरात काढलेला उद्गार असावा. ॲमहर्स्टचा कागद समोर ठेवला की कळतं, तो उद्गार नव्हता. पाच वर्षांपूर्वी त्या दिशेने काम सुरू झालं होतं, नमुन्यासाठी दुसऱ्यांचा अर्ज मागवला गेला होता. एका कागदाने दुसऱ्या कागदाला दिलेली ही साक्ष. अशा साक्षी जुळवता याव्यात म्हणूनच दफ्तरं ठेवायची असतात.

ड्यू बॉइस यांनी पत्रात सांगितलेलं सविस्तर निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये राष्ट्रसंघाकडे गेलं. अमेरिकेच्या प्रतिनिधी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः ड्यू बॉइस यांच्याच संस्थेच्या संचालक मंडळावर होत्या, तरी त्यांना ते रुचलं नाही आणि मानवी हक्क आयोगाने ते हाती घेतलं नाही. पुढच्या वर्षी संस्थेने ड्यू बॉइस यांनाच कामावरून काढलं. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

आता कागद उरण्याची गोष्ट.

ड्यू बॉइस हे कागद न फेकणारे गृहस्थ होते. १८६८ साली जन्म, १९६३ साली मृत्यू; एवढ्या आयुष्यात आलेलं पत्र ठेवायचं आणि गेलेल्या पत्राची कार्बन कॉपीही ठेवायची, ही त्यांची सवय. कार्बन कॉपीचं महत्त्व आजच्या पिढीला सांगावं लागतं. माणसाच्या घरात सहसा त्याला आलेली पत्रं सापडतात. त्याने लिहिलेली पत्रं जगभर दुसऱ्यांच्या घरांत विखुरलेली असतात. ड्यू बॉइस यांच्या संग्रहात दोन्ही बाजू एकत्र सापडतात त्या टाइपरायटरमध्ये घातलेल्या त्या काळ्या कागदामुळे. म्हणून नग १३२ ला लगेच नग १३३ चं उत्तर आहे.

१९४० च्या दशकात त्यांनी आपल्या कागदांची जबाबदारी हर्बर्ट ॲप्थेकर या तरुण इतिहासकारावर सोपवली. ॲप्थेकर गोरे, ज्यू, कम्युनिस्ट. कृष्णवर्णीयांच्या बंडांच्या इतिहासावर त्यांनी काम केलं होतं, आणि पक्षाचं सदस्यत्व आडवं आल्यामुळे विद्यापीठात नोकरी मिळत नव्हती. योगायोग असा की ज्या अर्जाच्या प्रती आंबेडकरांनी मागितल्या होत्या, त्यातला कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाची आकडेवारी मांडणारा भाग याच ॲप्थेकरांनी लिहिला होता. म्हणजे अर्ज लिहिणारा हात आणि अर्ज मागणारं पत्र सांभाळणारा हात एकच निघाला.

तो काळ विसरता येणार नाही. १९५१ साली ड्यू बॉइस यांच्यावर परकी हस्तक असल्याचा खटला झाला. त्यातून ते सुटले, पण पासपोर्ट वर्षानुवर्षं अडकवून ठेवला गेला. अशा माणसाच्या पत्रव्यवहाराला प्रकाशक कुठून मिळणार? १९६१ मध्ये ते घानाला निघून गेले, जाताना बहुतेक कागद ॲप्थेकरांकडे राहिले. ते त्यांच्या ब्रुकलिनच्या घरी, तळघरात. एका घराला आग लागली असती, पाइप फुटला असता, किंवा घरच्यांना जागा हवी झाली असती, तर हा लेख लिहायला विषयच नव्हता. जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहांच्या इतिहासात असं एक तळघर, माळा किंवा गोठा असतोच, आणि तिथे वर्षानुवर्षं पगाराशिवाय राबलेलं एखादं माणूस असतं.

१९७३ साली हे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ड्यू बॉइस यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम ड्यू बॉइस यांच्याकडून घेतले. त्या तेव्हा कैरोत राहत होत्या. विद्यापीठाचे त्या वेळचे प्रमुख रँडॉल्फ ब्रोमेरी हे स्वतः कृष्णवर्णीय भूगर्भशास्त्रज्ञ, आणि त्यांनी पुढाकार घेतला. हे मुद्दाम नमूद करतो, कारण संस्था कागद घेते असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात त्या खुर्चीत त्या वेळी कोण बसलं आहे यावर सगळं ठरतं. याच राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी ड्यू बॉइस जन्मले. तिथे १९६९ मध्ये त्यांच्या घराच्या जागेचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा गावकऱ्यांतून मोठा विरोध झाला होता. चार वर्षांनी त्याच राज्याच्या विद्यापीठाने त्यांचे कागद सन्मानाने आणले. पत्रव्यवहाराचे निवडक तीन खंडही ॲप्थेकरांच्या संपादनाखाली त्याच विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने १९७३ ते १९७८ या काळात काढले. संग्रह अभ्यासकांना खुला झाला तो १९८० मध्ये, आणि १९९४ मध्ये ते अठ्ठावीस मजली विटांचं ग्रंथालयच ड्यू बॉइस यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात आणि मोजदादही रुमालांनीच होते. तिकडे लांबीने मोजतात : पेट्या फळीवर उभ्या लावल्या तर किती फूट जागा व्यापतील. ड्यू बॉइस संग्रह भरतो सुमारे १६८ फूट, आणि त्यात जवळपास एक लाख नग. पत्रव्यवहार वर्षवार लावलेला, आणि वर्षाच्या आत नावांच्या आद्याक्षराने. म्हणून १९४६ च्या ‘ए’मध्ये आंबेडकर.

ही मांडणी वरवर रुक्ष वाटते, पण तिचा फायदा मोठा. विषयवार मांडणी केली असती तर कोणीतरी ‘भारत’ नावाची एक फाइल केली असती आणि काय भारताशी संबंधित आहे हे त्या माणसाच्या अकलेवर सोडावं लागलं असतं. माणसाचं दफ्तर आहे तशा क्रमात राहू द्यायचं, एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हे या व्यवसायाचे दोन पाळायचेच नियम. त्यामुळे शोधणाऱ्याला शेजार मिळतो. त्याच संग्रहात लाला लजपत राय आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते अमेरिकेत होते तेव्हा दोघांचा स्नेह जडला. १९२८ साली ड्यू बॉइस यांनी ‘डार्क प्रिन्सेस’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका एक भारतीय राजकन्या आहे, आणि छापण्याआधी त्यांनी हस्तलिखित लजपत रायांच्या नजरेखालून घातलं होतं. १९२९ मध्ये ‘द क्रायसिस’ या त्यांच्या मासिकात गांधीजींचा संदेश छापला गेला. १९४७ मध्ये राष्ट्रसंघाच्या निवेदनाच्या संदर्भात विजयालक्ष्मी पंडितांशी पत्रव्यवहार आहे. आंबेडकरांचं पत्र सुटं वाचलं की ते दोन महापुरुषांची भेट वाटतं. या शेजारात ठेवून वाचलं की वेगळंच दिसतं. ड्यू बॉइस यांच्या भारताविषयीच्या कल्पनेत तोवर राजकन्या होती, साम्राज्याविरुद्ध लढणारे राष्ट्रनेते होते. त्या घरात अस्पृश्य समाजातून आलेलं हे पत्र म्हणजे एक वेगळाच भारत होता. ड्यू बॉइस यांच्या उत्तरातली सहानुभूती खरी आहे, पण ते उत्तर थोडं औपचारिकही आहे. मला त्यात नव्या पाहुण्याला बसायला कुठली खुर्ची द्यावी याचा विचार करणारा यजमान दिसतो.

आणखी एक गंमत. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. ड्यू बॉइस त्या तिन्ही वर्षी न्यूयॉर्कमध्येच ‘द क्रायसिस’ काढत होते. आंबेडकरांचे गुरू प्रा. सेलिग्मन हे शहरी कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे, पुढे ‘नॅशनल अर्बन लीग’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या संघटनेचे, पहिले अध्यक्ष होते. दुसरे गुरू जॉन ड्यूई हे ड्यू बॉइस यांच्या संस्थेच्या स्थापनेत सहभागी. दोन प्राध्यापक मध्ये उभे असूनही दोघांची भेट मात्र झाली नाही. तीस वर्षांनी पत्र लिहावं लागलं.

आणि त्याहीपूर्वी पुण्यात जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केली होती. महाराष्ट्राचा अमेरिकेतल्या त्या लढ्याशी असलेला धागा आंबेडकरांच्या पत्राने सुरू झाला नाही आणि संपलाही नाही, पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून आले ते तिथलं कृष्णवर्णीयांचं साहित्य डोक्यात घेऊन, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

कोलंबियातही आंबेडकर सापडतात, पण वेगळ्या जातीच्या कागदांत. रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या नोंदींवरून एलिनॉर झेलियट यांनी हिशोब मांडला : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एकेक. तीन वर्षांत साठ. चरित्रांत ‘अठरा-अठरा तास अभ्यास केला’ असं वाचून जे वाटत नाही ते या कोरड्या यादीने वाटतं. सेलिग्मन यांच्या कागदांत फेब्रुवारी १९२२ चं आंबेडकरांचं लंडनहून आलेलं पत्र आहे. १९१७ मध्ये परतताना बोट टॉर्पेडोने बुडाली आणि प्रबंधाचं हस्तलिखित गेलं, आता पुन्हा नव्याने लिहिलं आहे, असं ते गुरूंना कळवतात. तक्रारीचा सूर नाही. समुद्रात गेलेल्या प्रबंधाची बातमी आपल्याला कळते ती गुरूने शिष्याचं पत्र ठेवलं म्हणून.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे तर विद्यार्थी म्हणून त्यांची आख्खी फाइल आहे. तीत प्रा. फॉक्सवेल यांनी १९२० मध्ये स्कूलच्या सचिवांना लिहिलेली चिठ्ठी आहे : याने आधीच डॉक्टरेट घेतलेली आहे, इथे फक्त संशोधनाला आला आहे, याने जिंकावं असं आमच्याकडे काही उरलेलं नाही. प्रत्यक्षात कोलंबियाची पीएच. डी. रीतसर मिळाली १९२७ मध्ये, आणि लंडनमध्ये एम. एस्सी. व डी. एस्सी. अशा दोन पदव्या अजून त्यांना मिळवायच्या होत्या. डी. एस्सी.चा प्रबंध तर मार्च १९२३ मध्ये परत आला आणि दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला. फॉक्सवेल चुकले. पण कारकुनी दफ्तर चुकाही जपतं, आणि त्या चुकीतून आपल्याला कळतं की या विद्यार्थ्याचा दबदबा त्याच्या पदव्यांच्या आधीच तिथे पोहोचला होता.

आता घरी येऊ. इथे मात्र लेखणी जड होते.

आंबेडकर ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत २६, अलीपूर रोड या घरात गेले. मागे राहिली अपुरी पुस्तकं, टिपणं, टंकलिखितं, कात्रणं. वारसांमध्ये मतभेद झाले आणि कागद न्यायालयीन ताब्यात गेले. १९६७ च्या जानेवारीत घर रिकामं करताना कागद बाहेर काढले गेले आणि पावसात त्यांतले पुष्कळ भिजून नष्ट झाले, असं त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. म्हणजे न्यूयॉर्कला गेलेलं पत्र एका परक्या माणसाच्या तळघरात कोरडं राहिलं, आणि ज्या घरात ते लिहिणारा राहिला त्या घरातले कागद अंगणात भिजले.

उरलेले कागद सोडवून आणायला न्यायालयात झगडावं लागलं, वारसांची संमती मिळवावी लागली. महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, नागपूरचे वसंत मून संपादक म्हणून रुजू झाले आणि १९७९ साली ‘लेखन आणि भाषणे’ मालेचा पहिला खंड निघाला. मून यांचं ऋण मोठं आहे; या मालेच्या वीसहून अधिक खंडांशिवाय आज जगभर चाललेला आंबेडकरांचा अभ्यास उभाच राहिला नसता. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे असलेलं हस्तलिखित १९९० मध्ये छापलं गेलं, पुढे बाराव्या खंडात आलं, आणि आज ते कोलंबियातही शिकवलं जातं.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. छापलं म्हणजे जपलं असं आपण समजलो. खंड निघाला की कागदाचं काम झालं, असा आपला हिशोब. तिसऱ्या आणि चौथ्या खंडात मून यांनी प्रकरणांच्या आरंभी दिलेल्या टिपा जरूर वाचाव्यात : अमुक प्रकरण टंकलिखित सापडलं, तमुक अपुरं आहे, इतकी पानं मिळाली, अंतिम प्रत मिळाली नाही. त्या टिपा म्हणजे संपादकाच्या वेषातल्या दफ्तरदाराचा आवाज आहे. तो मनुष्य सांगतो आहे की छापील पान हे शेवटचं नाही, खाली कागद आहे, तो पाहा. मजकुराची दुसरी प्रत, पहिल्या प्रतीत खोडलेला शब्द, समासातली खूण, कागदाच्या पाठीवर केलेला हिशोब, हे खंडात येत नाही आणि येऊही शकत नाही. टेक्सास विद्यापीठातले स्कॉट स्ट्राउड आंबेडकरांच्या मालकीची ड्यूईंची पुस्तकं पाहायला मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात आले ते पुस्तकांतला मजकूर वाचायला नव्हे. तो त्यांना कुठेही मिळाला असता. ते आले पेन्सिलीच्या खुणा पाहायला. गुरूच्या कुठल्या वाक्याखाली शिष्याने रेघ मारली आणि कुठलं वाक्य तसंच सोडून दिलं, हे त्या एकाच प्रतीत आहे.

छापण्याचं कामही अखंड चाललं असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘लोकसत्ता’तल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली, या खंडांची छपाई रखडली होती आणि त्यासाठी घेतलेला कागद पडून होता. एका बाजूला छापायला कागद आहे पण छपाई नाही, दुसऱ्या बाजूला लिहिलेल्या कागदांना एका छपराखाली जागा नाही. काही सिद्धार्थ कॉलेजात, काही शासनाकडे, तर माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिंबायोसिसच्या स्मारकात. शंकरराव खरातांनी १९६१ मध्ये पत्रं गोळा करून छापली, पुढे शासनाच्या मालेतही पत्रव्यवहाराचा खंड आला. पण पत्रं मूळची ज्यांच्या घरी होती ती घरं गावोगाव आहेत. एका माणसाच्या लेखणीचा माग काढायला मुंबई, पुणे, न्यूयॉर्क, लंडन आणि ॲमहर्स्ट अशी वारी करावी लागते. त्यांपैकी ॲमहर्स्टची तर पायीही करावी लागत नाही : संपूर्ण संग्रहाचं संगणकीकरण करून विद्यापीठाने तो सर्वांना फुकट खुला केला आहे. नांदेडच्या विद्यार्थ्याला मोबाइलवर नग १३२ अर्ध्या मिनिटात उघडता येतो. मुंबईतले कागद पाहायला मात्र त्याला आधी अर्ज, मग शिफारस, मग संबंधित व्यक्ती रजेवरून परत येण्याची वाट. हे लिहिताना माझ्या बोलण्यात कडवटपणा येतो आहे, तो येऊ द्यावा.

पण आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणणं हाही अन्याय होईल. चांगदेव खैरमोडे यांनी तरुणपणापासून आंबेडकरांविषयीचे कागद गोळा केले. पत्रं, पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं, सभांची वृत्तं. सचिवालयात नोकरी करणारा हा माणूस. ना संस्था पाठीशी, ना अनुदान. १९५२ साली त्यांच्या चरित्राचा पहिला खंड आला. १९७१ मध्ये ते गेले तेव्हा काम अर्ध्यावर होतं. उरलेले खंड त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी नेटाने प्रसिद्ध केले आणि चरित्र बारा खंडांचं झालं. खैरमोडे भाषा सजवत नाहीत, कागद पुढे ठेवतात आणि बाजूला होतात. काही वाचकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला त्या कंटाळवाणेपणाबद्दल आदर आहे. त्यांचे कागद आज मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या ग्रंथालयात, राजाबाई टॉवरच्या खालच्या त्या इमारतीत आहेत, आणि परदेशी विद्यापीठांतून निघणाऱ्या जातिप्रश्नावरच्या पुस्तकांच्या तळटीपांत खैरमोडे यांच्या फाइली भेटतात. ब्रुकलिनच्या ॲप्थेकरांचा हा मुंबईकर सहव्यवसायी. एकाचे कागद अठ्ठावीस मजली इमारतीत गेले, दुसऱ्याचे एका जुन्या वाचनालयाच्या कपाटांत; काम दोघांचं एकच.

असे कागद अजूनही घराघरांत आहेत. फेडरेशनच्या तालुका शाखेचं इतिवृत्त, समता सैनिक दलाची वर्गणीची वही, १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या आजोबांचं पोस्टकार्ड, जलशाच्या गाण्यांची हाताने उतरवलेली वही, धर्मांतराच्या वेळी नागपूरला गेल्याचं एस. टी.चं किंवा रेल्वेचं तिकीट. दिवाळीच्या साफसफाईत यांतलं बरंच रद्दीत जातं. घरात अशी पेटी निघाली तर घाईने काही करू नये. कागद लॅमिनेट करू नयेत. प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि कागद आत गुदमरून पिवळा पडतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, शाईच्या पेनने वर काही लिहू नये; लिहायचंच तर पाठीमागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने. गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले सापडले तो क्रम मोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण कोणता कागद कोणत्या कागदाच्या शेजारी होता हेही पुढे लागतं. कोणाकडून आले, कधी आले, फोटोतल्या माणसांची नावं काय, हे घरातलं वयस्कर माणूस सांगण्याच्या स्थितीत आहे तोवर वेगळ्या वहीत उतरवून घ्यावं.

आणि एखाद्या विद्यापीठाला ते द्यायचं ठरलं, तर हार-तुऱ्यांचा समारंभ होण्याआधी एक साधा करार लेखी करून घ्यावा : कागदांची यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या, सूची किती दिवसांत होईल, ते कोणाला आणि केव्हापासून पाहता येतील, आणि देणाऱ्या घरातल्या माणसाला हवी तेव्हा प्रत मिळेल की नाही. ‘कोणालाही पाहता येतील’ हे वाक्य त्या करारात नसेल, तर पेटी घरीच बरी.